काजं माझी नाहीत

‘आधी त्याच्या हातावर ठेवून ये. दिवस मावळायच्या आत. मग जेवायला बस.’

आईचा आवाज इतक्या जवळून आला की शिवणताईनं मान वळवून शेजारी पाहिलं. आई कुठली असायला. ती जाऊन किती वर्षं लोटली. शेजारी दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या आणि त्या टाळ्या वाजवत होत्या. पुढच्या बाकांवरची माणसं अर्धवट मागे वळून, तिच्याकडे बघत टाळ्या वाजवत होती, मागूनही टाळ्या येत होत्या, आणि त्या सगळ्यांच्या मधोमध बसून ती हसत होती. हसू तिनं आणलं नव्हतं. दारात पाहुणा दिसला की हात जसा आपोआप पदराकडे जातो, तसं ते ओठांवर आलं होतं आणि आता जायचं नाव घेत नव्हतं. उपासनेत टाळ्या वाजवायची खरं तर रीत नव्हती. पण खजिनदारांचा गळा भरून आला होता, आणि नव्या ध्वनिवर्धकातून भरून आलेला गळा फार मोठा ऐकू येतो. गायकवृंदाचे हे नवे शुभ्र झगे आपल्या शिवणताईंनी शिवले, असं ते म्हणाले होते, आणि त्याची सगळीच्या सगळी मजुरी त्यांनी आपल्या दिवंगत पतीच्या स्मरणार्थ प्रभूच्या चरणी अर्पण केली आहे. तिनं केली नव्हती. तिला कुणी विचारलंही नव्हतं. आपण काय दिलं हे तिला इतरांच्या बरोबरच, त्याच क्षणी, बाकावर बसल्या बसल्या कळलं होतं. राग आला तो आधी खजिनदारांचा नव्हे, त्या हसण्याचा. माझ्या तोंडाचीसुद्धा परवानगी परस्पर घेतली यांनी, असं तिला वाटलं.

मग गायकवृंद उठून उभा राहिला. झगा न् झगा तिला ओळखीचा होता. जाडजूड आवाजाच्या गृहस्थांसाठी बगलेत सोडलेली माया, उंच पोरीच्या बाह्यांना दिलेली जास्तीची दुमड, निळ्या गळपट्टीचं प्रत्येक वळण. सगळ्यांनी गाण्याआधी एकदम श्वास घेतला, छात्या फुगल्या, बटणं ताणली गेली, आणि त्या सगळ्या पांढऱ्या भिंतीवर ओळीनं काजं उघडली. तिला ती तोंडांसारखी दिसली. बारीक, उभी, नीट शिवलेल्या ओठांची तोंडं. गाणं वरच्या तोंडांतून येत होतं. खालची गप्प होती, पण उघडी होती. तिनं डोळे मिटले तरी ती दिसतच राहिली.

कारण काजं तिची नव्हती. तिच्या जुन्या मशीनवर काज होत नसे. ती करायला दोन गल्ल्या पलीकडची बाई येई. सगळे तिला काजवालीच म्हणत. ती मंडळीतली नव्हती, तिची प्रार्थनेची तऱ्हा वेगळी होती, आणि जीभ तर अगदीच वेगळी. लहान कात्रीनं चीर द्यायची आणि मग टाक्याला टाका, गाठीला गाठ लावत तिची कड बांधत जायची, हे सगळं पांढऱ्यावर पांढऱ्या दोऱ्यानं. पहिल्या दिवशी काजवाली खोलीत दिव्याखाली बसली, मग स्टूल खिडकीशी नेलं, मग गॅलरीत, आणि शेवटी शेवटी झगा आभाळासमोर धरून टाका शोधू लागली. ‘ताई, तुमच्या देवाला रंगाचं वावडं आहे का हो?’ ती म्हणायची. ‘जरा पिवळट कापड घेतलं असतंत तर गाणं काय बेसूर झालं असतं?’ एकदा सुई बोटात गेली आणि गळपट्टीवर रक्ताचा थेंब पडला, तेव्हा तिनं आधी झगा बाजूला केला आणि मग बोट चोखलं. दोघींनी मिळून मीठ-पाण्यानं तो डाग काढला, चोरासारखा, एकमेकींकडे न बघता. दुसऱ्या दिवशी शिवणताई स्वतः तिला चष्मेवाल्याकडे घेऊन गेली. आता चष्मा तयार होऊन तिथे पडून होता, पैसे तेवढे द्यायचे राहिले होते. चष्मेवाला उधारी ठेवत नव्हता. आणि सोमवारी सकाळी काजवालीला गणवेशाच्या कारखान्यात हजर व्हायचं होतं, जिथली मुकादमीण म्हणे समोर उभं करून सुईत दोरा ओवायला लावते. ओवला तर बसा, नाही तर वाट धरा. शिवणताईनं तिला शब्द दिला होता. ‘रविवारी उपासना झाली की मला मजुरी मिळेल. त्याच दिवशी, उजेड आहे तोवर, तुझ्या हातावर ठेवीन. सोमवारी तू चष्मा लावूनच जाशील.’

तिला शब्द द्यायची सवय नव्हती. दिलेला शब्द हे तिच्या लेखी व्रतच होतं, आणि व्रतं तिच्याकडे आधीच पुष्कळ होती. सकाळी वचनाचा, बायबलचा, एक अध्याय वाचल्याशिवाय पाण्यापलीकडे काही घ्यायचं नाही. अध्याय वाचल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही. आणि नवरा गेला त्या वर्षापासून, दुपारचे बारा वाजेपर्यंत कुणाविषयी कडू शब्द काढायचा नाही. हे शेवटचं व्रत तिनं स्वतःच्या जिभेला ओळखून घेतलं होतं. बाहेरच्यांना ती जात्याच गोड वाटे. पण हे सगळं आईकडून आलेलं. वडिलांचा लाकडी सामानाला पॉलिश करायचा लहानसा कारखाना होता, घराच्याच मागच्या अंगाला, आणि संध्याकाळी घरात शिजणाऱ्या अन्नाच्या वासात स्पिरिटचा वास मिसळलेला असे. काम संपलं की आई कारागिराला द्यायची मजुरी मोजून तिच्या मुठीत देई. एकदा पॉलिशवाला ताप भरून दुपारीच निघून गेला. तिला भूक लागली होती, ताट वाढलेलं होतं. ‘उद्या देऊ की,’ ती म्हणाली. आईनं ताटावर ताट झाकलं. ‘मजुरी रात्रभर आपल्या घरात राहिली तर ती झोपत नाही, बाळ. ओरडते. आपल्याला नाही ऐकू येत. ज्याला ऐकू यायचं त्याला येतं.’ ती अनोळखी गल्लीतून पळत गेली होती. मुठीतली नाणी घामानं चिकट झालेली, हाताला धातूचा आंबूस वास. पॉलिशवाल्याच्या बायकोनं पैसे घेतले आणि आभार मानले नाहीत. परत येऊन तिनं ती तक्रार केली तेव्हा आई म्हणाली, ‘आभार कशाचे? तिचंच होतं ते.’

उपासना सुटल्यावर अंगणात चहा होता. खजिनदार कप सांभाळत तिच्याकडेच आले. ते तिच्या नवऱ्याचे चुलतभाऊ. शवपेटीला पहिला खांदा त्यांचा होता, आणि मशीनची मोटर जळली तेव्हा धावपळ करून ती बदलून आणणारेही तेच. वाईट माणूस असता तर किती सोपं गेलं असतं.

‘वहिनी, पाहिलंत? लोकांचे डोळे पाणावले.’

‘भाऊजी, मला विचारलं नाहीत.’

‘तुम्हाला काय विचारायचं? घरच्याच तुम्ही. समितीत विषय निघाला. ध्वनिवर्धकात अंदाजापेक्षा जास्त गेले, झग्यांसाठी म्हणून काही उरेचना. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. मी म्हटलं, थांबा, आमच्या वहिनी आहेत. दादाचं नाव कायमचं लागेल. पितळी पाटी करायची म्हणतायत.’

‘पण मजुरी ठरली होती.’

‘ठरली होती ना! तीच तर दिलीत तुम्ही.’ ते मनापासून हसले. मग आवाज खाली आणून, अगदी मायेनं म्हणाले, ‘खरं सांगा, मी विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात का?’

भिंतीवरच्या घड्याळात बाराला अजून अवकाश होता. तिनं जिभेवर आलेलं गिळलं आणि जे कडू नव्हतं, नुसतं खरं होतं, तेवढं शोधून काढलं.

‘काजं माझी नाहीत,’ ती म्हणाली. ‘काजं दुसऱ्या बाईनं केलीत. ती मी कशी देणार?’

खजिनदार क्षणभर खरोखरच गोंधळले. झग्याला काजं असतात आणि ती कुणीतरी करतं, हे त्यांच्यापुढे पहिल्यांदाच आलं असावं. ‘काजांचं असं कितीसं असतं हो,’ म्हणत त्यांनी खिशातून एक नोट काढली, आणि द्यायची नोट जशी बारीक घडी करून देतात तशी घडी करून पुढे केली. ‘हे घ्या. माझ्याकडून तिला चहापाण्याला.’

तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. ‘तिनं चहा नाही मागितला, भाऊजी.’

‘तुम्ही दमलायत, वहिनी,’ ते म्हणाले. तेवढ्यात कुणीतरी पाटीवरच्या अक्षरांचा आकार विचारायला त्यांना बाजूला घेऊन गेलं.

घराकडे येताना रस्ता तिला दिसत नव्हता, तिचे पायच तो ओळखत होते. नाही म्हणाला असतात का. हे वाक्य चपलेत खडा शिरावा तसं तिच्याबरोबर चालत होतं. नसते म्हणाले, हे खरं. एखाद्या पहाटे, अध्याय वाचून झाल्यावर, गुडघ्यांवर असताना, मला आपसूक वाटलं असतं की माझ्या ह्यांच्या नावानं एवढं देऊन टाकावं. मी कुणाला कळू दिलं नसतं. ती पहाट माझी होती. यांनी माझी मजुरी घेतली ते एक, पण माझं देणंही घेतलं, आणि वर मला टाळ्या दिल्या. गरिबाच्या खिशात हात घालायचा आणि त्याचाच हात धरून वर उंचावायचा, बघा किती उदार. पण एवढ्यावर थांबलं असतं तरी तिनं सोसलं असतं. स्वतःचं सोसायची तिला लाज नव्हती. सोसवत नव्हतं ते दुसरं. यांनी त्या बाईचे डोळे अर्पण केले होते, जिनं यांचं व्यासपीठ उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. आणि हे काही आजचं नव्हतं. ऑर्गन दुरुस्त करायला येणारा म्हातारा तिला आठवला. दोन दिवस भात्यात डोकं घालून बसला होता आणि निघताना त्याला एक कॅलेंडर आणि सामुदायिक प्रार्थना मिळाली होती. अंगण झाडणारी बाई, जिला सणासुदीला जुने पडदे. सेवा समजून करा, म्हणायचं. सेवा कोणाची, ते सांगायचं नाही. इतकी वर्षं ती त्याच बाकावर बसून प्रवचनं ऐकत आली होती. चाकरानं कसं वागावं यावर किती झाली असतील. धन्यानं कसं वागावं यावर एकही आठवेना. आणि वचनात तर पानोपानी तेच. आई ओळींवरून बोट फिरवत वाचायची आणि मध्येच थांबून बोट तिथंच दाबून ठेवायची: शेजाऱ्याला फुकट राबवून जो माडीवर माडी चढवतो त्याचं काही खरं नाही. मळणीच्या बैलालासुद्धा मुसकं बांधायचं नाही, तो चालता चालता खाईल, त्याचा हक्क आहे. आणि तो द्राक्षमळ्याचा धनी, दिवस कलताना कामाला आलेल्यांनाही पुरती मजुरी देणारा, आणि तीही त्याच संध्याकाळी. आपल्याकडे काय, तिला वाटलं, बैलाला मुसकं बांधायचं आणि वर व्यासपीठावरून सांगायचं की बैलानं कणसं अर्पण केली. आणि सगळ्यांनी टाळ्या. ती रस्त्यात थांबली. तिला हसू आलं, आणि हे हसू मात्र तिचं स्वतःचं होतं.

जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर काजवाली बसली होती, डोकं कठड्याला टेकून.

‘काय ताई, आज तुमचं नाव गाजलं म्हणे. दूधवाला सांगत होता. लाउडस्पीकरवर घेतलं.’

‘घेतलं.’

‘आणि माझ्या काजांचं?’ तिनं डोळे बारीक केले; थट्टा करताना आणि नीट दिसत नसताना तिचा चेहरा सारखाच होई. ‘घ्यायचं होतं की. काजवालीच्या काजातून देव आत गेला म्हणून.’

शिवणताईला सांगावंसं वाटलं, आणि सांगवेना. सांगून तरी काय, की तुझे डोळे आम्ही देऊन टाकले, पितळेची पाटी लागणार आहे? काजवाली उठून उभी राहिली, पायरीचा अंदाज घेत, आधी पाय पुढे घासून.

‘मी आत्ता मागायला नाही आले हो. उगाच बसले होते. चष्मेवाला दिवेलागणीला बंद करतो, आज रविवार. जमलं तर बघा. नाही जमलं तर मुकादमीणबाईला म्हणेन, तुम्हीच ओवून द्या, काज मी करते.’

‘तू दुकानापाशी थांब,’ शिवणताई म्हणाली. ‘मी येते.’

‘नक्की ना? नाही, तुम्ही मोठी माणसं, आज टाळ्याबिळ्या.’

‘येते म्हटलं ना.’

खोलीत येऊन तिनं दार लावलं आणि तेव्हा तिला कळलं की आपण कशाच्या जोरावर येते म्हणालो ते आपल्याला ठाऊक नाही. भाडं भरून झालं होतं. कपाटातल्या साड्यांच्या घड्यांत, तिजोरीच्या खणात, डब्यांच्या मागे, बाया जिथे जिथे हात घालतात तिथे तिनं हात घातला. धागे, हुक, एक तुटका खडू. जेवण झाकलेलंच राहिलं. बारा केव्हाच वाजून गेले होते. आता कडू बोलायला मोकळीक होती आणि बोलायला खोलीत कुणी नव्हतं. शेवटी तिनं पर्स गादीवर उलटी केली, आणि रुमालाबरोबर पांढरं पाकीट बाहेर पडलं. ती त्याच्याकडे बघत राहिली. दशमांश. महिन्याच्या कमाईतला देवाचा वाटा, जो आज दानथैलीत पडायला हवा होता. थैली केव्हा समोरून गेली असेल? टाळ्यांनंतरच, त्या वेळी ती काजांकडे बघत होती. लग्नाआधीपासून आजवर तिचं पाकीट चुकलं नव्हतं. नवरा गेला त्या आठवड्यातसुद्धा शेजारणीच्या हाती पाठवलं होतं. त्यातल्या पैशाला ती पैसा म्हणतच नसे. ते तिच्या घरात राहायचं, पण तिचं नव्हतं, दुसऱ्याचं कापड शिवायला आलेलं असतं तसं. घराच्या गरजेत त्याला हात लावायचा म्हणजे काय, हे तिला कुणी शिकवावं लागलं नसतं. बोटं मागे आली.

ती गुडघ्यांवर बसली. प्रार्थना सुरू होईना. नेहमीचे शब्द पुढे आले आणि दारातच उभे राहिले. डोळ्यांपुढे तीच पांढरी भिंत, तीच उघडी तोंडं. मग तिनं नेहमीचे शब्द सोडून दिले आणि कधी बोलली नव्हती तशी बोलली, हळूच, पण शेजारच्या माणसाशी बोलावं तशी. ‘झगे तुझ्या घरचे आहेत. काजं तुझ्या झग्यांची आहेत. तर तुझ्या वाट्यातून देते. चुकत असेन तर माझ्यावर रागव. तिची वाट अडवू नकोस.’ उत्तर आलं नाही. पण मन निवळलं, आणि हात पाकिटाकडे गेला.

पाकीट उघडून ती नोटा सरळ करत होती तेव्हा फोन वाजला. चर्चच्या पाळकबाई होत्या. आधी अभिनंदन, मग कौतुक, मग मुद्दा.

‘पाटीवर तुमच्या यांचं नाव पूर्ण लिहायचं की नुसतं आडनाव? करणारा विचारतोय. उद्याच द्यायचीय ना त्याला.’

‘पाटी करू नका, बाई.’

‘अय्या, असं कसं? केवढा मोठेपणा हा तुमचा. उजव्या हाताचं डाव्याला नको म्हणता.’

‘मोठेपणा नाही. मी दिलंच नाहीये ते. मला मजुरी हवी आहे. ठरली होती तेवढी.’

 पलीकडे कपबश्या विसळल्याचा आवाज येत होता. मग पाळकबाईंचा आवाज आला, काळजीचा, आजाऱ्याशी बोलतात तसा. ‘ताई, कुणी काही बोललं का तुम्हाला? अहो, पण आता जाहीर झालंय.’

‘मग पुढच्या रविवारी पुन्हा जाहीर करा. नाहीतर उपासनेतल्या साक्षीच्या वेळी मी उभी राहून सांगेन. मला ध्वनिवर्धक नको, मी बोलले तरी ऐकू जाईल.’

‘लोक काय म्हणतील?’

‘लोक टाळ्या वाजवतील,’ शिवणताई म्हणाली. ‘सवय झालीय आता.’ आपला आवाज अजिबात चढलेला नाही हे ऐकून तिला स्वतःचंच नवल वाटलं. ‘आणि पाटी करणाऱ्याला आधीच काही काम सांगून ठेवलं असेल, तर त्याचे त्याला देऊन टाका, बाई. त्याला अर्पण करायला लावू नका.’

तिनं फोन ठेवला. आपण हे बोललो याची भीती मागाहून येईल, रात्री, अंथरुणावर; दुसऱ्या रविवारी बाकावर शेजारची जागा मोकळी राहील, भाऊजी आता वहिनी म्हणायच्या आधी थोडं थांबतील, हे सगळं तिला स्वच्छ दिसत होतं. त्या भीतीला तिनं ‘या’ म्हटलं, पण नंतर. पाकिटात काजांच्या मजुरीला थोडं कमी पडत होतं. विजेच्या बिलासाठी ठेवलेल्यातून तिनं ते भरून काढलं आणि सगळं रुमालात नीट बांधलं. उपासनेची साडी अंगावर होती तीच राहू दिली. पायांत घरातल्या चपला आहेत हे कुलूप लावून झाल्यावर लक्षात आलं. परत उघडत बसायला तिला फुरसत नव्हती.

खाली तळमजल्यावरचे निवृत्त मास्तर दारात खुर्ची टाकून बसले होते. तिला पाहून ते अदबीनं अर्धे उठले. ते सकाळी उपासनेला वरच्या गॅलरीत होते.

‘शिवणताई, भरून आलं हो सकाळी. केवढं दान.’

‘दान नाही, मास्तर,’ ती म्हणाली. ‘मजुरी आहे. तीच द्यायला चाललेय.’

मास्तर तसेच अर्धवट उठलेले राहिले, आणि ते पुन्हा बसायच्या आत ती फाटकाबाहेर पडून चष्मेवाल्याच्या गल्लीकडे वळलीही होती.